पाच टनांची पहिली ऑर्डर घ्यावी का? मसाले परदेशी पाठवू पाहणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगतो. तासगावजवळ तुमचं हळद, मिरची पूड आणि कांदा-लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे. जोडीला शेंगदाण्याची आणि खोबऱ्याची चटणी. महिन्याची विक्री चारेक लाख, कामाला सात बायका, अन्न परवाना राज्याचा. दुबईच्या एका व्यापाऱ्यानं व्हॉट्सॲपवर पाच टन हळद पूड मागितली आहे, पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी. पुण्याचा एक सल्लागार ७५ हजारांत ‘सगळी लायसन्स आणि ५०० बायरची यादी’ द्यायला तयार आहे. न्यू जर्सीची नणंद म्हणते, मीच इथं माल उतरवून घेते. आणि तुम्हाला विचारायचंय की यातलं काय धरायचं, काय सोडायचं आणि सरकारकडून काय मिळतं.

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. पहिली सहा न्हावाशेव्याला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सच्या दलालाकडे, शिपिंग बिलं (निर्यातीचे कस्टम्सचे फॉर्म) भरण्यात गेली. मग सांगलीला परत येऊन हळद आणि बेदाणा पाठवायला लागलो. आता स्वतःचा माल कमी आणि दुसऱ्यांचे कागद जास्त. त्यामुळे पुढचं सगळं हळद-मसाल्याच्या अंगानं आहे. कापडवाल्याला किंवा फाउंड्रीवाल्याला ते जसंच्या तसं लागू होणार नाही.

बायर कुठं मिळेल ही तुमची आजची अडचण नाही, एक तर दारात उभाच आहे. खरा प्रश्न असा, की पहिल्यांदा दिला तसाच माल दुसऱ्यांदा देता येईल का, आणि दिलेल्या मालाचे पैसे लांबले तर युनिट किती दिवस तग धरेल. या दोन्हींची उत्तरं नसताना लायसन्स काढून फ्रेम करून लावली तरी काही होत नाही.

आधी दुबईवाल्याचं बघू. हिशेबाला हळद पूड किलोला २०० रुपये धरा. पाच टन म्हणजे १० लाखांचा माल, तुमच्या अडीच महिन्यांच्या विक्रीएवढा. हळकुंडं रोखीनं घ्यावी लागतात, सांगलीच्या अडत्याकडे फार तर पंधरा दिवसांची सवलत. दळण, पॅकिंग, तपासणी, बंदरापर्यंत आणि जहाजावर चढेपर्यंत तीन-चार आठवडे. दुबईच्या जबेल अली बंदराचा प्रवास जवळचा असला तरी माल सुटून त्याच्या गोदामात जाईपर्यंत दोन-तीन आठवडे धरा. त्यानंतर ९० दिवस मोजायला सुरुवात. म्हणजे चार-साडेचार महिने तुमचे १० लाख बाहेर. आणि ते आलेच तर. या काळात बायकांचा पगार, मिरचीचा हंगाम आणि बँकेचा हप्ता कशातून भागवणार?

तो माणूस फसवाच असेल असं मी म्हणत नाही. आखातात उधारीवर घेणारे सचोटीचे व्यापारी ढिगानं आहेत, पण ते ओळख झाल्यावर उधारी मागतात. अनोळखी छोट्या युनिटकडे पहिल्याच मेसेजमध्ये पाच टन आणि ९० दिवस मागणाऱ्यानं तोच मेसेज आणखी चाळीस जणांना पाठवला असण्याची शक्यता मोठी. माझ्या ओळखीच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं असा माल पाठवला. कंटेनर पोचल्यावर समोरून फोन आला: माल हलका आहे, ३० टक्के कमी करा, नाहीतर उचलत नाही. बंदरावर रोजचं भाडं चढत होतं आणि परत आणायचा खर्च मालाइतका. त्यानं दहा दिवस शिव्या दिल्या आणि अकराव्या दिवशी ३० टक्के सोडले. माल हलका नव्हता, नमुना माझ्यासमोर भरला होता.

म्हणून त्याला सरळ लिहा: पहिली ऑर्डर ३०० ते ५०० किलोची, ५० टक्के रक्कम आगाऊ बँकेत, उरलेली बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीची मालाची पावती, मूळ प्रत दाखवल्यावरच माल सुटतो) प्रत दाखवल्यावर, आणि पैसे आल्यावरच मूळ बी.एल. त्याच्याकडे. सोबत त्याच्या ट्रेड लायसन्सचा नंबर मागा. दुबईत तो सरकारी साइटवर तपासता येतो. खरा व्यापारी घासाघीस करेल, ५० चे ३० टक्के म्हणेल, पण नंबर देईल. ज्याला द्यायचा नसतो तो इथंच गप्प होतो, आणि तुमचे १० लाख घरात राहतात.

पुढे कधी उधारी द्यायची वेळ येईलच, तेव्हा निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या ईसीजीसीचं नाव लक्षात ठेवा. १९५७ पासूनची सरकारी कंपनी, मुख्य कचेरी मुंबईत. परदेशी बायरनं पैसे बुडवले तर नुकसानाचा मोठा हिस्सा ती भरून देते, छोट्या निर्यातदारांसाठी वेगळी पॉलिसी आहे. मला तिचा दुसराच उपयोग जास्त होतो. पॉलिसीत एखाद्या बायरवर किती उधारीचं संरक्षण देणार हे ती आधी त्याची माहिती काढून ठरवते. तिनं हात आखडता घेतला की मीही घेतो. विम्याच्या हप्त्यात फुकटचा गुप्तहेर.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात जे कुठंच नाही ते यात आहे.

२०११ साली मस्कतच्या एका दुकानदाराला मी २०० किलो हळद पूड पाठवली. राजापुरी हळकुंडं, हरिपूरच्या बाजूच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं ठेवत, २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं गेली. तर तो माल इतका चांगला होता की दोन महिन्यांत दुसरी ऑर्डर आली, या वेळी ६०० किलो. त्या व्यापाऱ्याकडे तेवढा माल शिल्लक नव्हता. मी दुसऱ्याकडून घेतला. तीही राजापुरीच, भाव किलोला चार रुपये कमी, मी खूश. महिन्याभरानं ईमेलवर एक फोटो आला. टेबलावर माझीच दोन पाकिटं कापून शेजारी शेजारी ओतलेली. एक ढीग गडद नारिंगी-पिवळा, दुसरा फिक्का लिंबासारखा. खाली एकच ओळ: यातली तुमची हळद कोणती? त्यानं माल परत केला नाही, पैसेही दिले. तिसरी ऑर्डर मात्र आजतागायत आली नाही.

तेव्हापासूनचा नियम असा. प्रत्येक लॉटमधली अर्धा किलो पूड हवाबंद बरणीत, बरणीवर तारीख, हळकुंडं कुणाकडून, दळण कोणत्या दिवशी, दमटपणा किती. माल विकून संपला तरी बरणी दोन वर्षं कपाटात. नवा लॉट आला की जुन्या बरणीतली चमचाभर आणि नवी चमचाभर पांढऱ्या कागदावर शेजारी, खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. माझ्याकडे आज अशा सव्वाशे बरण्या आहेत आणि बायको म्हणते, हे ऑफिस आहे की वाण्याचं दुकान.

हे तुम्ही उद्यापासून सुरू करू शकता, लायसन्स लागत नाही. सलग सहा लॉट करा. सहाही रंगाला, वासाला, चाळणीला सारखे आले तर तुम्ही निर्यातदार व्हायला लायक आहात. नाही आले तर कुठं बिघडतं ते शोधा. बहुतेक वेळा ते खरेदीत असतं. कधी दळणात: चक्की तापली की हळदीचा वास उडतो, आणि सात बायकांतल्या कोणाची तरी घाई त्या दिवशी नडलेली असते.

मग तपासणी. तुमच्या हळदीचा लॅब रिपोर्ट कधी काढलाय का? आपल्या अन्न कायद्यातच हळद पुडीचा दमटपणा १० टक्क्यांच्या वर चालत नाही. बाहेर त्याशिवाय चार गोष्टी बघतात. पहिलं, शिसं आणि लेड क्रोमेट. पिवळेपणासाठी पॉलिशच्या वेळी रंग मारणारे महाभाग अजून आहेत, आणि तुम्ही मारला नसला तरी हळकुंडं देणाऱ्यानं मारलेला असू शकतो. दुसरं, अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. युरोपात हळदीला त्यातल्या बी-१ प्रकाराची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण १० आहे. पावसात भिजलेली किंवा नीट न वाळलेली हळद यात हमखास अडकते. तिसरं, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू, २५ ग्रॅममध्ये अजिबात नको. आणि चौथं, इथिलीन ऑक्साइड. जंतू मारायला काही ठिकाणी मसाल्यांना या वायूची धुरी देतात. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाल्यांवर याच कारणानं कारवाई केली, तेव्हापासून सगळीकडचे खरेदीदार याचा रिपोर्ट मागतात. जंतुनाशन करायचंच असेल तर वाफेचं करून घ्या.

तपासणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये करा. केंद्राच्या स्पायसेस बोर्डाची स्वतःची लॅबही मुंबईला आहे. खर्च कोणत्या चाचण्या आणि कोणता देश यावर अवलंबून, म्हणून देश ठरवल्याशिवाय रिपोर्ट काढू नका. मी एकदा उत्साहात सगळ्या जगाच्या चाचण्या एकदम करून घेतल्या होत्या. तो रिपोर्ट अजून आहे, कुणी मागितला नाही.

आता पुण्याच्या सल्लागाराचे ७५ हजार. त्यात काय काय येतं ते सुटं करून बघा.

आयईसी, म्हणजे निर्यातीचा मूळ नंबर: डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, साइटवर सरकारी फी ५०० रुपये, घरबसल्या, पॅन आणि बँक खातं असलं की झालं. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो साइटवर जाऊन पक्का करावा लागतो, काहीही बदल नसला तरी. हे विसरलेल्यांचा नंबर बंद पडतो आणि माल बंदरावर उभा असतानाच कळतं. उद्यम नोंदणी फुकट. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल बाहेर पाठवायचं हमीपत्र, फुकट, दर आर्थिक वर्षाला नवं. हळद-मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी लागते. तुमच्या चटण्या मात्र अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) यादीत मोडतात, म्हणून चटणी पाठवायची तर ती नोंदणी वेगळी. अन्न परवाना राज्याचा आहे, निर्यातीसाठी केंद्रीय परवान्याकडे जावं लागेल. हे सगळं मिळून सरकारी फी फार नाही. तुमच्या भाच्याला संगणक येत असेल तर दोन आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतात. नसेल वेळ तर कुणाला तरी मेहनताना द्या, पण तो फॉर्म भरायचा मेहनताना, ७५ हजार नाही.

राहिली ५०० बायरची यादी. ती मी तीन वेळा विकत घेतली आहे, तीन वेगळ्या माणसांकडून, आणि तिन्हींत साठेक नावं तीच. आयातदारांची नावं मिळवणं सोपं झालंय. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रेड कनेक्ट नावाचा मंच सुरू केला, त्यावर देशवार माहिती, शुल्काचे दर आणि दूतावासांच्या व्यापार विभागाशी संपर्क, सगळं एका ठिकाणी मिळतं. स्पायसेस बोर्ड आणि अपेडा परदेशी प्रदर्शनांत स्टॉल घेतात, नोंदणी झालेल्या छोट्यांना त्यात कमी खर्चात जागा मिळू शकते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंतसाठी २५,०६० कोटींचं. त्यात व्याजात सवलत, प्रदर्शनं, तपासणी-प्रमाणपत्राचा खर्च अशा गोष्टी येतात. पण ताई, सवलतीवर हिशेब बसवू नका. सवलत मिळाली तर ती दिवाळीचा बोनस. ती नाही मिळाली आणि धंदा तोट्यात गेला, तर तुमचा भाव आधीच चुकला होता.

शिकायचं असेल तर पुण्याला कृषी पणन मंडळाचा पाच दिवसांचा निर्यात प्रशिक्षण वर्ग असतो, मराठीत समजावून सांगतात. मराठा चेंबरचंही या विषयावर काही ना काही चालू असतं. डीजीएफटीचा निर्यात बंधू कार्यक्रम ऑनलाइन आहे. माझं मत विचाराल तर पणन मंडळाच्या वर्गाला जा. शिकवतात ते पुस्तकातही मिळेल, पण शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी आधी माल पाठवलेला डाळिंबवाला असतो. त्याचा फोन नंबर घ्या, चहा पाजा.

यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट बँक आहे आणि ती कुणाच्याच यादीत नसते. गावच्या शाखेत परकीय चलन म्हटलं की साहेब पंख्याकडे बघतात. सांगली किंवा कोल्हापूरची जी शाखा परकीय चलनाचं काम रोज करते तिथं चालू खातं उघडा आणि एडी कोडचं, म्हणजे त्या शाखेच्या परकीय चलनाच्या नंबरचं, पत्र घ्या. तो कोड कस्टम्सच्या आइसगेट साइटवर नोंदवल्याशिवाय शिपिंग बिलच बनत नाही. बाहेरून आलेल्या पैशाला बँक एक कारण-कोड लावते. मालाच्या आगाऊ रकमेला पी ०१०३. नणंदेनं पैसे ‘घरखर्चासाठी’ म्हणून पाठवले तर ते कुटुंबाच्या उदरनिर्वाहाच्या कोडखाली जमा होतात, आणि मग तुम्ही माल निर्यात केला होता हे कागदावर सिद्धच होत नाही. ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला, निघत नाही, सवलती जातात, वर रिझर्व्ह बँकेच्या दफ्तरी तुमचं शिपिंग बिल पैसे न आलेलं म्हणून उघडं राहतं. पैसे आणायची मुदत बरीच वर्षं नऊ महिने होती, अलीकडे वाढवली आहे. पण उघडं राहिलेलं बिल जुन्या उधारीसारखं असतं, विसरलं तरी ते आपल्याला विसरत नाही.

एवढ्यावर थोडं थांबून सांगतो, म्हणजे गोंधळ नको: दुबईवाल्याला कमी माल आणि आगाऊ पैसे, सहा लॉट सारखे आणि बरण्या, एका देशापुरता लॅब रिपोर्ट, कागद स्वतः, बँक आधी. आता माल जाणार कोणत्या वाटेनं ते.

तुमच्यासारख्यांना तीन वाटा आहेत आणि बहुतेक जण सरळ तिसरीवर उडी मारतात.

पहिली वाट म्हणजे स्वतः निर्यात न करता आधीपासून निर्यात करणाऱ्याला माल देणं. मर्चंट एक्स्पोर्टर म्हणतात त्याला. सांगली, पुणे, वाशी इथं असे बरेच आहेत. ठरावीक अटी पाळल्या आणि माल ९० दिवसांत देशाबाहेर गेला तर तुमच्या बिलावर जीएसटी फक्त ०.१ टक्का लागतो. नफा कमी, पण पैसे रुपयात, लवकर, आणि त्याच्या अपेक्षेला उतरताना तुमचं युनिट घडतं. तो चाळणीचा नंबर सांगतो, डब्याची जाडी सांगतो, चूक झाली तर इथल्या इथं ओरडतो. मस्कतच्या फोटोपेक्षा हे ओरडणं स्वस्त. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष हळद अशीच दिली असती.

दुसरी वाट पार्सलची. टपाल खात्यानं २०२२ च्या अखेरीपासून डाकघर निर्यात केंद्रं उघडली, आता देशभरात हजारावर आहेत. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरायचं, पार्सल पोस्टात द्यायचं, कस्टम्स पुढे टपालाच्या साखळीत होतं. सीएचए नको, बंदर नको. दोन किलो, पाच किलो मसाला थेट गिऱ्हाइकाला पाठवायला हे ठीक. मात्र वजनाचा हिशेब नीट करा. खासगी कुरियर खोक्याचं आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण ५,००० नं भागतात, आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त निघालं तर त्याचे पैसे. हळद जड, तिला धोका नाही. पापड-कुरडया पाठवायला गेलात तर हवेचं भाडं भराल.

आणि चटणी. शेंगदाण्याची चटणी उन्हाळ्यात तेल सोडते हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या एका गिऱ्हाइकानं मे महिन्यात साध्या पाकिटात पाठवली. खोक्याचा तळ तेलकट, वरचं लेबल पारदर्शक झालेलं, त्यावरची तारीख वाचता येईना. तारीख दिसत नाही म्हणून अडवलं, चवीचा प्रश्नच आला नाही. चटणीला वेगळं, जाड, तेल न झिरपणारं पाकीट लागतं आणि ते दोन महिने खिडकीत ठेवून बघितल्याशिवाय पाठवू नका. शेंगदाणा म्हणजे लेबलवर ॲलर्जीची सूचनाही आली. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळही त्या सक्तीच्या यादीत आहे. म्हणजे तुमच्या कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतील तर ते नुसत्या घटकांच्या बारीक ओळीत सांगून भागलं का, हे तिथल्या नियमाशी ताडून बघा. आखातात अरबी लेबल लागतं, उत्पादनाची आणि संपायची तारीख छापलेली हवी. ते लेबल बायरकडून तपासून घ्या, लेखी.

तिसरी वाट जहाजाची, दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरात जागा घेऊन, म्हणजे एलसीएल. भाडं घनमीटरवर. पाच टन पूड खोक्यांसकट साधारण १०-१२ घनमीटर होते. इथं नवखे एका गोष्टीत फसतात: कन्सॉलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरात भरणारा, समुद्राचं भाडं इतकं कमी सांगतो की आनंद होतो, आणि उरलेलं सगळं पलीकडच्या बंदरावरच्या खर्चात वसूल करतो. तो खर्च भरतो बायर, आणि बोंब मारतो तुमच्या नावानं. म्हणून भाव विचारताना दोन्ही टोकांचा खर्च लेखी मागा. लाकडी पॅलेट वापरलं तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवा. आणि बायरला भाव देताना एफओबी न्हावाशेवा द्या. माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची, पुढची त्याची. कोणी म्हणालं की दारापर्यंत शुल्कासकट द्या, डीडीपी, तर नम्रपणे नाही म्हणा. परक्या देशातला कर तुम्ही इथं बसून मोजू शकत नाही.

दुबईचं एक बरं आहे. भारत-यूएई व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातला सवलतीचा दर हवा असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचं प्रमाणपत्र, लागतं, ऑनलाइन निघतं. बायरला त्याची आठवण तुम्ही करून द्या, तुमचा भाव दोन पैसे चढा असला तरी तिथं भरून निघू शकतो.

आता नणंद. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथं धंद्यात नातं येतं.

अमेरिकेत मराठी घरं भरपूर, महाराष्ट्र मंडळं जागोजागी, दिवाळीच्या आधी मसाल्याची मागणी खरी आहे. पण २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला असलेली शुल्कमाफी अमेरिकेनं बंद केली. आपल्या टपाल खात्यानं चार दिवस आधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू केलं. ऑगस्टच्या त्याच आठवड्यात बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं. माझ्याकडच्या एका फराळवाल्या बाईंची दिवाळीची पार्सलं त्या फटीत सापडली, चकल्या इथंच मोडून वाटल्या. त्यानंतर दर आणि नियम बदलत राहिले आहेत, म्हणून अमेरिकेचा भाव ज्या आठवड्यात माल निघणार त्याच आठवड्यात तपासायचा. मागच्या दिवाळीचा आकडा धरून चालायचं नाही.

‘गिफ्ट’ लिहून पाठवा असं कुणीतरी सांगेलच. विक्रीचा माल गिफ्ट म्हणून पाठवू नका. धंद्याचा खाद्यमाल अमेरिकेत जायचा तर तुमच्या युनिटची तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध खात्याकडे, नोंदणी लागते. फी नाही, पण अमेरिकेतला एक एजंट दाखवावा लागतो आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात नोंदणी पुन्हा करावी लागते. प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना वेगळी. शिवाय तिथला जो आयातदार असेल, त्याच्यावर परदेशी पुरवठादाराची खातरजमा करायची कायद्यानं जबाबदारी येते. त्यानं तुमच्या युनिटचे धोके लिहून काढायचे, रिपोर्ट जपून ठेवायचे, विचारलं तर दाखवायचे.

म्हणजे नणंदबाई ‘मी उतरवून घेते’ म्हणतात तेव्हा त्या हे सगळं अंगावर घेतायत. त्यांना हे माहीत आहे का? बहुतेक नाही. त्यांना वाटतंय की खोकी गॅरेजमध्ये ठेवायची आणि मंडळाच्या कार्यक्रमात विकायची. दोघींनी एक दिवस व्हिडिओ कॉलवर बसून हे वाचून काढा. तरी त्या तयार असतील तर तिथं त्यांची स्वतंत्र कंपनी, मालाचा विमा, आणि तुमच्या-त्यांच्यात साध्या मराठीत लिहिलेला एक कागद: खराब निघालेल्या मालाचे पैसे कोण सोसणार, उरलेल्या मालाचं काय, भाव कोण ठरवणार. घरात हा कागद मागायला संकोच वाटेल. माझ्या मेव्हण्याबरोबर मीही केला नव्हता. आम्ही आता लग्नकार्यात भेटतो, बोलतो, हळदीचा विषय सोडून.

मला कळवायचंच असेल तर आधी तुमच्या हळदीच्या शेवटच्या दोन लॉटचा पांढऱ्या कागदावरचा फोटो पाठवा, खिडकीजवळ काढलेला, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा एक. बाकीचं त्यानंतर बोलू.